उत्तर ठाऊक नसलेलं प्रॅक्टिकल

बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत 'रीडिंग जुळवणं' ही एक अलिखित कला आहे. उत्तर किती यायला हवं हे बॅचला आधीच ठाऊक असतं. ब्युरेटने वेगळं काही दाखवलं की आकडा खोडला जातो आणि सिनियरचं जर्नल उघडलं जातं. यासाठी मुलांना लबाड ठरवण्यात अर्थ नाही. ज्या प्रयोगाचं उत्तर वर्षानुवर्षं तेच आहे, तिथे जुळवून घेणं हाच शहाणपणा ठरतो.

हेच प्रयोग प्रयोगशाळेच्या बाहेर नेले तर? शिरूर तालुक्यात रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते. पुण्या-पिंपरीचं सांडपाणी पोटात घेऊन आलेलं हे पाणी पुढे दौंडवरून उजनीकडे जातं. संगमाच्या वर भीमेत, मिळण्याआधी मुळा-मुठेत आणि संगमाच्या खाली, अशा तीन जागी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा. विंकलरची पद्धत रसायनशास्त्राच्या मुलांना नवी नाही. हवेचा बुडबुडा राहू न देता बाटली भरायची आणि काठावरच मँगनीज सल्फेट व अल्कधर्मी आयोडाइड घालायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर तो पांढराच राहतो. मग आम्ल घालून, स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत थायोसल्फेटने टायट्रेशन. रसायनं तीच, काचेची भांडीही तीच. फरक एवढाच की उत्तर कुणाच्याच जर्नलमध्ये नाही. जलपर्णी साचलेल्या जागी पहाटे आणि दुपारी आकडा वेगळा का येतो, हे मग मुलांनाच शोधावं लागतं. रीडिंग जुळवायला काही उरलेलंच नसतं.

विहिरी-बोअरवेलचंही तसंच. पाण्याची कठीणता ईडीटीएने मोजायला दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी पुरेसा आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ती लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालते. आपल्या गावची बोअर यात कुठे बसते, हा प्रश्न मुलगी घरून घेऊन येते.

पदवीच्या मुलांच्या हातून खरं संशोधन होतं का, ही शंका आता जुनी झाली. अमेरिकेत 2008 पासून हॉवर्ड ह्यूज संस्थेच्या उपक्रमात पहिल्या वर्षाची मुलं आपल्या परिसरातल्या मातीतून जिवाणूभक्षी विषाणू, म्हणजे फाज, शोधतात. त्यामागचे एक प्रमुख शास्त्रज्ञ ग्रॅहम हॅटफुल यांच्या संग्रहात 'मडी' नावाचा फाज आहे. डरबनच्या एका विद्यार्थिनीला तो कुजक्या वांग्यावर सापडला होता. लंडनच्या रुग्णालयात एका मुलीच्या असाध्य संसर्गावर वापरलेल्या तीन फाजांपैकी तो एक. हे उपचार 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात मिलिंद वाटवे यांनी फारशी साधनं नसताना संशोधनाची परंपरा रुजवली. स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू किती प्रतिजैविकं बनवू शकतात याचा अंदाज मांडणारा त्यांचा व सहकाऱ्यांचा 2001 चा निबंध आजही जगभर उद्धृत होतो.

तालुक्याच्या महाविद्यालयाकडे तर मोठ्या संस्थांकडे नसलेली एक गोष्ट आहे: ते जागचं हलत नाही. पीएच.डी.चा विद्यार्थी अनुदान संपलं की जातो. इथे दर जूनमध्ये नवी बॅच येते. तीच ठिकाणं, तीच पद्धत आणि एकच नोंदवही ठेवली तर दहा वर्षांत नदीचा असा इतिहास तयार होईल, जो दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पांना लिहिता येणार नाही. याच शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 असं उत्खनन केलं. ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचं जगणं हाती आलं ते हंगामामागून हंगाम ठेवलेल्या नोंदींतून.

अडचणी खऱ्या आहेत. बॅचा मोठ्या, शिक्षक कमी, पोर्शन संपत नाही. मुलांच्या मोजमापावर विश्वास किती ठेवायचा, हाही प्रश्न आहे. त्यावर उपाय म्हणजे एकच नमुना दोन बॅचना परस्परांना न सांगता द्यायचा आणि दोन्ही आकडे लिहायचे. ते जुळले नाहीत तर का जुळले नाहीत, हाच पुढचा धडा.

नव्या शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणला आहे. तो झेरॉक्सच्या दुकानात बाइंडिंग करून मिळू लागला, तर जर्नलचाच रोग नव्या नावाने परत येईल. म्हणून परीक्षकांना एकच मागणं आहे: गुण बरोबर उत्तराला देऊ नका. न खोडलेल्या नोंदीला द्या, आणि फसलेल्या प्रयोगाचं कारण शोधणाऱ्याला त्याहून जास्त द्या.