वजनकाट्यापुढची कबुली

दाभोळच्या धक्क्यावर संध्याकाळी उभे राहिले की समोर वाशिष्ठीचे रुंद मुख दिसते, पलीकडे धोपावे, आणि दोन्ही काठांमधून संथपणे ये-जा करणारी फेरीबोट. माझी आतेबहीण गेली बरीच वर्षे या गावी राहते. तिचे यजमान खाडीपलीकडे अंजनवेलच्या वीज प्रकल्पात नोकरीस आहेत आणि रोज याच बोटीने घरी परततात. उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यात मी तिच्याकडे गेलो होतो. यजमानांची वाट पाहत आम्ही दोघे धक्क्यावर उभे असताना ताई एकाएकी म्हणाली, "अरे, मागच्या खेपेला पापनिवेदनाला गेले ना, तेव्हा मी फादरांना तेही सांगितलं."

"काय ते?"

"वजन उतरत नाही म्हणून."

फादरांनी तिला विचारले होते, यात पाप कोणते? "मला उत्तर देता आलं नाही," ती म्हणाली, "पण हे पाप नाही, असंही मनाला पटलं नाही."

हे बोलणे मी सोबत घेऊनच घरी आलो. ज्या गोष्टीला पाप म्हणता येत नाही, तिचे ओझे पापासारखे का वाटावे?

थोडी हकिकत सांगितली पाहिजे. ताईला मधुमेह आहे. गुडघे झिजले आहेत. वजन एकशे अठरा किलो झाले तेव्हा डॉक्टरांनी लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा सल्ला दिला, आणि गेल्या सप्टेंबरात मुंबईच्या एका रुग्णालयात ती पार पडली. दुर्बिणीतून केलेल्या या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग काढून टाकतात. उरते ती एक अरुंद नळी. भूक चेतवणाऱ्या एका संप्रेरकाचा मोठा स्रोतही त्या काढलेल्या भागाबरोबर जातो. पहिल्या दोन महिन्यांत ताईचे पंधरा किलो उतरले. घरात आनंदीआनंद झाला. मग काटा अडला. पुढच्या तीन महिन्यांत जेमतेम पाच किलो, आणि त्यातही एक अख्खा महिना शून्य. त्याच सुमारास शस्त्रक्रिया झालेल्या, ओळखीतल्या एका मुलीचे म्हणे पस्तीस किलो उतरले होते. हे आकडे आपोआप कानांवर येतात, ते काही कुणाला मागावे लागत नाहीत.

डॉक्टर म्हणाले, असे होतेच. ते खरेही आहे. आरंभी झपाट्याने उतरते त्यात पाण्याचा वाटा बराच असतो. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर प्रथम खर्ची पडते आणि तिच्यासोबत धरून ठेवलेले पाणी निघून जाते. पुढे चरबीची पाळी येते, आणि ती सावकाश जाते. शिवाय शरीर आपला खर्चही कमी करते. अमेरिकेत मिनेसोटा येथे १९४४-४५ साली अँसल कीझ या शास्त्रज्ञाने छत्तीस तरुणांवर अर्धपोटी राहण्याचा प्रयोग केला होता. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून युद्धात शस्त्र धरण्यास नकार दिलेले हे तरुण प्रयोगासाठी स्वेच्छेने आले होते. सहा महिन्यांत त्यांच्या नाडीचे ठोके मंदावले, अंगे गार पडू लागली, आणि मन रात्रंदिवस अन्नाभोवतीच घुटमळू लागले. शरीर असे काटकसरी आहे. दुष्काळ कोणता आणि उपचार कोणता, हे त्याला कळत नाही. आत येणारे कमी झाले की ते दिवे मालवू लागते. जठर लहान केल्यानंतर वजन उतरणे साधारणपणे वर्ष-दीड वर्ष चालते, अधूनमधून थबकते, आणि पुढे अनेकांचे थोडेफार परतही येते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात जठराला वळसा देणारी शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन दहा वर्षांनंतर मूळ वजनाच्या सरासरी पंचवीस टक्क्यांनी कमी होते. दोन वर्षांनी ते याहून अधिक उतरले होते. तरीही शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले.

मी हे सारे ताईला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले. तिच्या प्रश्नाला यातून उत्तर मिळत नव्हते, कारण तिचा प्रश्न शरीरशास्त्राचा नव्हताच.

लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सात मूळ पापे पाठ केली, त्यांत खादाडपणा आहे. त्या यादीतला मत्सर कुणाच्या चेहऱ्यावर दिसत नाही, लोभ सुती सदऱ्याखाली लपतो. खादाडपणा मात्र अंगावर वागवावा लागतो, अशी आपली समजूत असते. म्हणून जाड माणूस दारातून आत आला की त्याचे पापनिवेदन आपण आधीच ऐकून ठेवलेले असते. ही समजूत धर्मशास्त्राने दिलेली नाही. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेल्या संत ग्रेगरी यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले: वेळेआधी खाणे, उंची पदार्थांचा सोस, पदार्थ फार निगुतीने करवून घेणे, अति खाणे, आणि हावरेपणाने खाणे. पाचांतला एकच प्रमाणाचा आहे. संत थॉमस अक्वायनस तर स्पष्टच सांगतात की हा दोष अन्नात नसून बेलगाम वासनेत आहे. ते स्वतः अंगाने चांगलेच स्थूल होते, अशी परंपरा आहे. या हिशेबाने शुक्रवारी मांस वर्ज्य करून ताज्या सुरमईच्या तुकडीसाठी घर डोक्यावर घेणारा माझ्यासारखा सडपातळ मनुष्य ताईपेक्षा त्या पापाच्या अधिक जवळ असण्याचा संभव आहे.

आणि शरीराचा आकडा तरी कितीसा खरा असतो? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचे एकत्र छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही नेमका २२.३. पण अंगातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के, तर आपल्या याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. काटा दोघांविषयी एकच बोलत होता आणि दोघांविषयीही अपुरे बोलत होता. ज्याला देहातले एवढेही धड सांगता येत नाही, त्या यंत्राला आपण आत्म्याची परीक्षा कशी करू देतो?

करू देतो, कारण त्या आकड्यात इतरांनाही वाटा हवा असतो. २०१७ साली अलेक्झांड्रियाहून एक स्त्री उपचारांसाठी विमानाने मुंबईत आणली गेली. तिचे वजन सुमारे पाचशे किलो असल्याचे सांगितले जात होते. पुढील काही आठवडे ते किती उतरले याच्या बातम्या क्रिकेटच्या धावसंख्येसारख्या छापून येत होत्या. मग त्याच आकड्यांवरून तिची बहीण आणि उपचार करणारे यांच्यात जाहीर वाद झाला. मे महिन्यात तिला अबूधाबीला हलवले आणि सप्टेंबरात तिचे निधन झाले. तिचे नाव येथे पुन्हा लिहीत नाही. ते पुष्कळ छापून झाले. त्या दिवसांत ती स्वतः काय म्हणत होती, हे त्या बातम्यांतून मला कधी कळले नाही.

आपल्या चर्चच्या पायऱ्यांवर घडते ते याच जातीचे, फक्त लहान प्रमाणात. गेल्या नाताळात ताई माहेरी आली होती. मध्यरात्रीच्या मिस्सानंतर अंगणात शुभेच्छा देताना जो तो विचारी, "किती उतरलं?" विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसावे, ती आपुलकीच होती. मीही विचारले. ती हसून म्हणाली, "उतरतंय हळूहळू." दुसऱ्या दिवशीच्या मिस्साला ती उशिरा आली, मागच्या बाकावर बसली आणि अखेरच्या आशीर्वादाआधी बाजूच्या दाराने निघून गेली. तिला थंडी बाधली असेल, असे आम्ही ठरवून टाकले. दाभोळसारख्या गावाहून दर रविवारी मिस्साला जाणे मुळातच कष्टाचे. त्यानंतर ती पुष्कळदा घरीच राहू लागली, हे मला आता धक्क्यावर कळले. आमच्या आपुलकीने एका स्त्रीला प्रभूच्या मेजापासून दूर नेले होते. पापनिवेदनात सांगावे असे काही या प्रकरणात असेल, तर ते माझ्या पदरी आहे.

तिच्या ओझ्याचे आणखी एक कारण तिने फार आढेवेढे घेऊन सांगितले. शस्त्रक्रियेचा खर्च काही लाखांचा. यजमानांनी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले. त्यांनी त्याबद्दल आजवर एक शब्द उच्चारलेला नाही, आणि नेमके तेच तिला सोसत नाही. सोमवारी सकाळी ती काट्यावर उभी राहते तेव्हा ते शेजारच्या खोलीत वर्तमानपत्राचे पान उलटतात. तो आवाज तिला हिशेबाच्या वहीसारखा ऐकू येतो. कर्ज परत करता येते, दान परत करता येत नाही. म्हणून दान घेणारा कधी कधी आपला देहच हप्त्याहप्त्याने परत करू पाहतो. ताई दर सोमवारी असा हप्ता चुकवत होती, म्हणजे चुकत होता. पुढे मी यजमानांजवळ हळूच विषय काढला. ते गोंधळून म्हणाले, "मी तर मुद्दाम विचारत नाही, तिला वाईट वाटू नये म्हणून."

मार्कच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात बेथसैदाच्या आंधळ्याची कथा आहे. धर्मोपदेशात ती क्वचितच ऐकू येते. बहुधा ती जरा अडचणीची वाटत असावी. प्रभूने एका शब्दाने ताप उतरवला, वादळ शमवले. येथे मात्र एकदा हात ठेवून काम पुरे होत नाही. प्रभू त्या माणसाला विचारतो, तुला काही दिसते का? तो म्हणतो, माणसे दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. मग प्रभू पुन्हा हात ठेवतो. या कथेत मला त्या आंधळ्याचे फार कौतुक वाटते. समोर प्रत्यक्ष ख्रिस्त उभा असताना, उपकाराच्या दडपणाखाली, "सगळे स्पष्ट दिसते" असे तो म्हणाला नाही. जेवढे दिसत होते तेवढेच त्याने सांगितले. आणि प्रभूनेही 'तुझा विश्वास कमी पडला' असे त्याला म्हटले नाही. दोन स्पर्शांच्या मधला तो क्षण, ज्यात मनुष्य पूर्वीसारखा आंधळा नाही आणि पुरता डोळसही नाही, शुभवर्तमानाने झाकून ठेवलेला नाही. आणखी एक गोष्ट: प्रभूने त्याला हात धरून आधी गावाबाहेर नेले, आणि बरे केल्यावरही गावात जाऊ नको, घरी जा, असे सांगितले. गावकरी काय काय विचारतील, हे त्याला ठाऊक असावे.

यावर कुणी म्हणेल, अशाने माणसाला पळवाट मिळते. ही शंका रास्त आहे. वजन अडण्यामागे कधी गोड पेये असतात, दिवसभर थोडे थोडे तोंडात टाकणे असते, कधी थायरॉइडचे दुखणे वा एखादे चालू औषध असते. पुरेशी प्रथिने घेणे, जेवणाबरोबर पाणी न पिणे, जीवनसत्त्वे आणि लोह न चुकवणे, रक्ततपासणीला जाणे, हे सारे ताईच्या हातात आहे आणि त्याचे उत्तर तिला द्यावेच लागेल. पण ते डॉक्टरांपुढे, तपासणीच्या टेबलाशी, आणि जे केले त्याविषयी. जे झाले नाही त्याबद्दल नव्हे. ही रेघ बारीक आहे आणि ती दर वेळी नव्याने ओढावी लागते, हे मी जाणतो. 'सोपा मार्ग धरला' असे शस्त्रक्रियेबद्दल म्हणणाऱ्यांना मात्र एवढेच सांगेन, की ताईच्या घरी दोन दिवस राहून पाहावे. अर्धी वाटी आमटी आणि माशाचा लहानसा तुकडा संपवायला तिला अर्धा तास लागतो.

दाभोळच्याच बंदराची एक जुनी गोष्ट मी तिला त्या संध्याकाळी सांगितली. अफनासी निकितिन हा रशियातील त्वेर शहराचा ख्रिस्ती व्यापारी १४७० च्या आसपास आपल्या मुलखात हिंडत होता. तो चौलला उतरला, बीदरला राहिला, आणि परतीच्या प्रवासासाठी याच दाभोळहून जहाजात बसला. वाटेत लुटारूंनी त्याची पुस्तके नेली होती. त्यामुळे उपवासकाळ कधी सुरू होतो, पुनरुत्थानाचा सण कोणत्या दिवशी येतो, हे त्याला या परक्या देशात कळेना. त्याने आपल्या प्रवासवृत्तात याचे मोठे दुःख नोंदवले आहे. तरीही तो अंदाजाने उपवास धरीत राहिला. तारखा चुकल्या असतील, बहुतेक चुकल्याच.

"मग देवाने ते उपवास धरले असतील का रे?" ताईने विचारले.

"तुला काय वाटतं?"

ती काही बोलली नाही. तेवढ्यात बोट लागली. मोटारसायकली फटफटत उतरल्या, मागून माणसे, आणि त्यांत डबा हातात घेतलेले यजमान. आम्ही तिघे घराकडे निघालो. धक्क्यापासून तिच्या घरापर्यंतचा रस्ता चढणीचा आहे. अर्ध्या वाटेवर एक दगडी पार लागतो. तेथे येताच यजमान सवयीने थांबले आणि त्यांनी डबा पारावर ठेवला.

"पावसाळ्यात इथं दहा मिनिटं बसावं लागायचं मला," ताई म्हणाली आणि पुढे चालू लागली. यजमानांनी घाईने डबा उचलला. मी मात्र पारावर टेकलो. मला दम लागला होता.