गाडी वळली, ती कशामुळे?

रेडिओ-नियंत्रित मॉडेल गाडीचे चाक एका अंशाने कलवले आणि गाडी वळणावर पूर्वीपेक्षा घट्ट धरू लागली, तर कारण त्या एका अंशातच आहे असे म्हणता येईल का? कार्यकारणभावाचा हा जुनाच प्रश्न. न्यायशास्त्राने त्यासाठी अन्वय-व्यतिरेकाची कसोटी दिली: एक असले की दुसरे असते, एक नसले की दुसरेही नसते. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली मांडलेली रीत तिच्या जवळचीच आहे. बाकी सारे जैसे थे ठेवून एकच गोष्ट बदलावी.

१:१० प्रमाणाच्या टूरिंग गाडीवर ही कसोटी सोपी वाटते. चाकाचा कॅम्बर, म्हणजे उभ्या रेषेपासूनचा कल, वरच्या दांडीने (टर्नबकलने) ठरतो. तिच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे. त्यामुळे दांडी न काढता पान्याने पिळली तरी ती लांब किंवा आखूड होते. चाकाचा माथा सहसा एक-दोन अंश आत झुकवतात, म्हणजे वळणावर गाडी कलली की बाहेरचे चाक सपाट टेकते.

अडचण आहे ती ‘बाकी सारे जैसे थे’ या अटीत. शॉकवरची कॉलर फिरवून गाडी मिलिमीटरभर खाली आणली की नुसती उंची बदलत नाही. वरची दांडी खालच्या आर्मपेक्षा आखूड असल्याने चाकाचा माथा आणखी आत ओढला जातो. आणि कॅम्बर हलवला की टो, म्हणजे वरून पाहता चाकाचे तोंड आत-बाहेर वळलेले असणे, तोही थोडा सरकतो. म्हणून जाणकार आधी उंची, मग कॅम्बर, शेवटी टो हा क्रम सोडत नाहीत. तरीही टायर तापतात, शॉकमधले तेल गरम होऊन पातळ होते, चालवणाऱ्याचा हातही बसत जातो.

नैयायिकांचा एक भेद इथे कामाला येतो. घड्याची माती वाहून आणणारे गाढव घड्याआधी हजर असते, पण ते घड्याचे कारण नव्हे, ते अन्यथासिद्ध. नवे स्टिकर लावले त्याच दिवशी गाडी चांगली पळाली, तर स्टिकर म्हणजे ते गाढव. तापलेला टायर मात्र गाढव नव्हे, कॅम्बरइतकेच खरे कारण आहे. कार्य घडते ते संपूर्ण कारणसामग्रीने, असे न्यायमत. मिललाही कारण म्हणजे सगळ्या अटींची बेरीजच वाटते. गंमत अशी की, प्रयोग सांगताना तो एकच अट सुटी करायला लावतो.

यामुळे जुळवणी व्यर्थ ठरत नाही, तिचे उत्तर मर्यादित ठरते. ‘याच ट्रॅकवर, याच टायरवर, एवढ्या उंचीला अर्ध्या अंशाने पकड वाढली’ एवढेच विधान टिकते, तेही कॅम्बर मूळ जागी नेल्यावर पकड पुन्हा घटली तरच. हा व्यतिरेक हौशी मंडळी टाळतात. सुधारलेली गाडी मुद्दाम बिघडवायला हात धजत नाही. दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे उतरवणे त्याहून धोक्याचे. डांबरावर उत्तम चाललेली गाडी त्याच आकड्यांवर जास्त पकडीच्या कार्पेटवर वळताना उलटूही शकते.