नेम आणि वाव

गळ्यात माळ आली की एकादशी आली, हरिपाठ आला, वारी आली. हा नेम किती घट्ट असावा? प्रश्न साधा वाटतो, पण साठी उलटलेल्या, साखरेचे दुखणे जडलेल्या माळकऱ्याला तो विचारून पाहा. डॉक्टर म्हणतात, उपाशी राहू नका. मन म्हणते, माळ घालताना काय कबूल केले होते? अशा माणसाला 'जमेल तसे करा' म्हणून वाटेला लावणे सोपे. 'प्राण गेला तरी नेम सोडू नका' हे सांगणे त्याहून सोपे, कारण प्राण त्याचा असतो.

एक दृष्टांत सांगतो. नेरूळला आमच्या भजनी मंडळाने पोथ्या आणि टाळ ठेवायला कपाट करून घेतले. हल्ली नवी मुंबईत घरोघरी प्लाय, सनमायका आणि लोखंडी चॅनेल. खण बोटाने ढकलला की पळतो. पण आमच्याकडे गावच्या पडक्या घरातल्या सागवानी फळ्या होत्या आणि सुतारकाका जुन्या हाताचे होते. त्यांनी खण लाकडी पट्ट्यांवरच बसवले. खणाच्या दोन्ही बाजूंना बाहेरून लांब खाच पाडायची आणि कपाटाच्या आतल्या अंगाला त्या खाचेत शिरेल अशी पट्टी मारायची. खण त्या दोन पट्ट्यांवरच चालतो. खाली दुसरा आधार नाही.

काम माघात चालले होते. खणाच्या वर दोन-तीन मिलिमीटर फट दिसत होती. कोणी म्हणाले, "काका, काम ढिले झाले." रंधा न थांबवता ते म्हणाले, "आषाढात या."

लाकूड कापले तरी पाणी पिणे सोडत नाही. लांबीत ते जवळजवळ वाढत नाही, पण शिरांना आडवे फुगते. खाडीकाठच्या पावसाळ्यात तर फारच. माघात नेमका घट्ट बसलेला खण आषाढात हलत नाही. ओढला तर मूठ हातात येते. पट्टीचेही तसेच. कपाटाच्या फळीच्या शिरा उभ्या आणि पट्टी आडवी, म्हणून काकांनी पट्टी सरसाने चिकटवली नाही. पुढचा स्क्रू घट्ट पिळला आणि मागच्या स्क्रूचे भोक पटाशीने लांबट केले. फळी फुगली की पट्टी मागे केसभर सरकते. दोन्हीकडून जखडली असती तर फळी चिरली असती. शेवटी खाचेत मेण चोळले. तेल लावत नाहीत, त्याने धूळ चिकटते.

येथे शंका येते की, वाव ठेवायचा म्हटले तर नेम उरला कोठे? शंका योग्य आहे. वीस वर्षे वापरून झिजलेला खणही हलतोच, आणि बोट लावून पाहिले तर राखलेली फट कोणती आणि झिजलेली कोणती हे चटकन कळत नाही. मला दोन फरक दिसतात. राखलेली फट कोरड्या दिवसांत, डोके ठिकाणावर असताना मोजून ठेवलेली असते; समोर ताट आल्यावर शोधलेली सवलत ती नव्हे. आणि राखलेली फट पावसाळा सरला की पुन्हा तेवढीच होते, झीज मात्र दरवर्षी वाढते. सावता महाराज पंढरीला गेले नाहीत, असे सांगून घरी बसणारे पुष्कळ भेटतात. सावतोबा अरणला मळ्यात राबत होते, हे ते सांगत नाहीत.

२०२० साल आठवा. तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केलेला देहूचा पालखी सोहळा त्या वर्षी साथीमुळे पायी निघाला नाही; आळंदीचाही नाही. पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या. १ जुलैला आषाढी होती. पादुका एकादशीला पंढरीत असणे हा पुढचा स्क्रू, तो जागचा हलला नाही. पायी चालणे मागच्या भोकात सरकले. आम्ही घरी बसून रडलो, पण कोणी 'बरे झाले, पाय वाचले' म्हणाल्याचे मी ऐकले नाही. पुढच्या वर्षीही तसेच झाले आणि २०२२ला वारकरी पुन्हा पायी निघाले. सैल झालेला खण असता तर बसची सवय झाली असती.

म्हणून दुखण्यातल्या माळकऱ्याने आपला पुढचा स्क्रू कोणता ते आधी ठरवावे. माझ्या मते तो नाम, हरिपाठ आणि एकादशीचा जागर हा आहे. त्यात रोग आड येत नाही. खाण्यापिण्यापुरते डॉक्टरांचे ऐकावे, औषध चुकवू नये, आणि किती वाव घ्यायचा हे दशमीलाच घरच्यांशी बोलून ठरवावे. वरीचा भात की भगर-आमटी यावर वाद घालत बसू नये, दोन्ही एकच.

आता राहिले आपण. आमच्या मंडळात असे एक गृहस्थ आहेत. एकादशीला दोन घास खावे लागतात म्हणून ते कीर्तनात मागे, चपलांपाशी बसतात. टाळ हातात घेत नाहीत. आपल्याही गावी कोणी असे बसत असेल. येत्या एकादशीला त्यांना पुढे बोलवा, आणि जेवलात का, हे विचारू नका.