ग्रंथालयातील मर्यादा

वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ग्रंथालयास हंसा मेहता यांचे नाव आहे. त्या विद्यापीठाच्या त्या पहिल्या कुलगुरू. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' या अर्थाचे शब्द यावयाचे होते. त्यांऐवजी 'सर्व मानव' असे यावे हा त्यांचा आग्रह मान्य झाला. अशा विदुषीचे नाव ज्ञानमंदिरास असावे हे उचितच होय. आज आम्हांस विचार करावयाचा आहे तो मात्र कोणा एका संस्थेचा नव्हे, तर महाविद्यालयांच्या व विद्यापीठांच्या ग्रंथालयांत नोकरी करणाऱ्या स्त्रियांचा.

देवघेवीच्या टेबलामागे बसणाऱ्या सेविकेची स्थिती मोठी अवघड असते. दुकानातले गिऱ्हाईक निघून जाते. येथला वाचक रोज येतो, तासन्‌तास बसतो, आणि त्याच्या प्रत्येक प्रश्नास हसतमुखाने उत्तर देणे हेच तिचे काम. ज्याची दृष्टी दूषित आहे त्याला निमित्त शोधावे लागत नाही. वरच्या फळीवरचेच पुस्तक रोज मागावे, ते घेताना बोटे रेंगाळू द्यावीत, मागणीच्या चिठ्ठीवर नको तो मजकूर लिहावा, कपाटांमधील अरुंद वाटेत मागोमाग यावे. ती टेबल सोडून जाऊ शकत नाही. तक्रार केलीच, तर 'तुम्हीच हसून बोलता' हे ऐकावयाचे!

सौजन्यालाच संमती समजावयाचे, हा येथला मूळ दोष आहे. रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांत वाचकाला मोठा मान आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु देवळात प्रसाद घेणाऱ्याचा हक्क प्रसादावर असतो, देणाऱ्या हातावर नसतो, हे आपणांस कोणी शिकवावे लागत नाही.

कायद्यानेही हे ओळखले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निर्णयानंतर २०१३ साली कायदा झाला. वर्तन नकोसे होते काय, हा त्याचा निकष. ते करणाऱ्याने थट्टा म्हटल्याने सुटका होत नाही. दहा किंवा अधिक माणसे कामास असतील तेथे तक्रार समिती असलीच पाहिजे. त्रास देणारा बाहेरून आलेला वाचक असला, तरी सुरक्षिततेची जबाबदारी संस्थेचीच.

तथापि प्रत्यक्षात काय होते? सेविकेस 'तुमच्याच भल्यासाठी' म्हणून तळघरातल्या बांधणी विभागात बसविले जाते आणि तो गृहस्थ वाचनकक्षात पूर्ववत वर्तमानपत्र चाळीत असतो. चौकशी चालू असता बदली करावयाची तर ती पीडितेने लेखी मागितल्यावर, आणि तीही दोघांपैकी कोणाचीही करता येते, असे कायदा सांगतो. द्रौपदीने भर सभेत प्रश्न विचारला तेव्हा ज्येष्ठ खाली पाहत राहिले व विकर्ण बोलला, ही कथा आपण कीर्तनात कितीदा ऐकली आहे! ग्रंथालयातील ज्येष्ठांनी ती ऐकली नसेल असे आम्हांस वाटत नाही.

कोणी विचारील की, ज्ञानाचे दार कोणाला बंद करावे काय? बंद करू नये. चौकशी संपेपर्यंत त्या प्राध्यापकमहाशयांची पुस्तके शिपायाकरवी त्यांच्या विभागात पोहोचविता येतात, आणि परतही तशीच आणविता येतात.