दोन मीटरवरून पाहणं

लग्न, बारसं, नाटक, निरोप समारंभ, जे येईल त्याचे फोटो काढणं हा माझा धंदा. राहतो लाखनीत, पण धान घरी आलं की माझं घरी राहणं कमी होतं. भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात. थंडी पडली की शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, आणि पटाच्या रात्री झाडीपट्टीचं नाटक. फेब्रुवारीत पवनीजवळ रुयाडच्या महासमाधीभूमी महास्तूपावर धम्म महोत्सव, मग महाशिवरात्रीला गायमुखची यात्रा. भंडारा जिल्ह्यात गर्दीचा असा हंगामच असतो. याच दिवसांत नवा कॅमेरा घेतलेली पोरं स्टुडिओत येतात आणि विचारतात, "दादा, गर्दीसाठी वाइड लेन्स कोणती घेऊ?"

किंमत आणि कंपनी दुकानदार सांगेल. माझ्यासाठी हा प्रश्न धर्माचा आहे, आणि तो मी धर्माचा म्हणूनच इथे मांडतो. माणसानं माणसाकडे कुठून पाहावं, किती अंतरावरून पाहावं आणि पाहताना स्वतः कुठे असावं, हे लेन्स घेताना ठरून जातं.

आधी हिशेब. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर 24 मिमीची लेन्स लावून माणसापासून 2 मीटरवर उभे राहिलात, तर चौकटीत 3 मीटर रुंदी आणि 2 मीटर उंची मावते. म्हणजे मंडईतली फुटाण्याची पाटी, पाटीमागची म्हातारी, तिच्या बाजूला उभी असलेली दोन नातवंडं आणि मागच्या पाळण्याचा तुकडा. तीच 3 मीटर रुंदी 200 मिमीच्या लेन्सनं हवी असेल, तर सुमारे 17 मीटर मागे जावं लागतं. चौकट तेवढीच भरते, पण आतलं जग बदलतं. म्हातारीच्या 2 मीटर मागे उभा असलेला माणूस पहिल्या फोटोत तिच्या निम्म्या आकाराचा दिसेल, दुसऱ्यात जवळजवळ तिच्याएवढाच. लांबच्या लेन्सनं विरळ गर्दीही दाट दिसते, वाइड लेन्सनं मागची भरगच्च गर्दीही पातळ होते. सभेचे फोटो पाहून गर्दीवरून भांडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. कोणतीही लेन्स पुरतं खरं सांगत नाही. जैन विचारानं हे फार आधी सांगून ठेवलं आहे की प्रत्येक दर्शन एका बाजूनं खरं असतं, म्हणून बोलताना 'या बाजूनं पाहता' एवढं तरी जोडावं.

पण दोन्ही बाजू अपुऱ्या आहेत, म्हणून दोन्ही सारख्याच, असं मी मानत नाही. 17 मीटरवरून मी त्या म्हातारीला पाहतो तेव्हा ती मला पाहत नाही. 2 मीटरवरून पाहतो तेव्हा ती मला पाहते. हात आडवा धरून 'नको' म्हणू शकते, पदर सारखा करू शकते, तोंड फिरवू शकते. गेल्या मंडईत एका आजीनं मला सांगितलं, "काढ बापू, पन मले दाखवून जाय." एवढं सांगायला मी तिचं बोलणं ऐकू येईल इतका जवळ असावा लागतो.

आमच्याकडे कीर्तनात, प्रवचनात साक्षीभावाची थोरवी नेहमी सांगतात. मुंडकोपनिषदात एकाच झाडावर दोन पक्षी आहेत. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. सांख्यांचा पुरुषही असाच, करत काही नाही, फक्त पाहतो. फोटोग्राफीत मुरलेली अनेक माणसं स्वतःला त्या दुसऱ्या पक्ष्याच्या जागी बसवतात. म्हणतात, आपण बाजूला राहायचं, कुणाला कळू द्यायचं नाही, जे घडतं ते तसंच टिपायचं. ऐकायला हे वैराग्यासारखं वाटतं. मला ते पटत नाही. ज्यानं चौकट ठरवली, अमक्याला आत घेतलं आणि तमक्याला बाहेर ठेवलं, जो तो फोटो विकणार, स्पर्धेला पाठवणार, स्टेटसला लावणार, तो फळ खातो आहेच. फळ खायचं आणि फांदी मात्र न खाणाऱ्याची धरायची, हा अधर्म आहे. उपनिषदातला साक्षी कुणाकडून काही घेत नाही. आपण घेतो, तर घेताना समोर उभं राहावं.

देवळातलं दर्शनसुद्धा एकतर्फी नसतं. माझी आई गायमुखला जाते तेव्हा महादेवाला पाहण्याइतकंच, महादेवानं आपल्याला पाहावं म्हणून जाते. रांगेत ढकलाढकली सोसून गाभाऱ्यात जो क्षण मिळतो, त्याचं मोल या दुहेरी पाहण्यात आहे. देवाला जे चुकत नाही, ते कॅमेरेवाल्याला का चुकावं?

मग वाइड घ्यायचीच, तर जेवढी जास्त वाइड तेवढी चांगली का? पोरं 14 आणि 16 मिमीकडे ओढली जातात, सगळं एकदम मावतं म्हणून. इथे मी अडवतो. सरळ रेषा सरळ ठेवणाऱ्या लेन्सला त्याची किंमत कडेला मोजावी लागते. 16 मिमीवर चौकटीच्या डाव्या-उजव्या टोकाला आलेला चेहरा आडवा जवळजवळ दीडपट ताणला जातो, 24 मिमीवर तो सव्वापट ताणतो. पटाच्या गर्दीत मधोमध कोण असतं ते पाहा. बैलजोडीचा मालक, पाहुणे, ढाल घेऊन उभे असलेले पुढारी. कडेला बाया, म्हातारे, बांबूच्या कठड्यावर चढलेली पोरं. म्हणजे वेडावाकडा चेहरा कुणाच्या वाट्याला येणार हे आधीच ठरलेलं. कडेच्या माणसाचं रूप बिघडवून मधल्याची शोभा वाढवायची असेल तर ती लेन्स माझ्या कामाची नाही. ज्यांच्याकडे 16 आहेच, त्यांनी कॅमेरा सरळ धरावा, खाली-वर झुकवू नये, आणि टोकाला माणसाऐवजी मांडवाचा खांब, झाड, आभाळ येऊ द्यावं.

गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुनानं सगळं एकदम पाहायला मागितलं. त्याला वेगळे डोळे द्यावे लागले. पाहिल्यावर तो भ्याला, आणि पूर्वीचंच ओळखीचं रूप दाखव म्हणून विनवू लागला. सगळं एका चौकटीत कोंबलेला फोटो पाहताना मला हा प्रसंग आठवतो. तिथे हजार चेहरे असतात आणि ओळख एकाचीही पटत नाही. माणसाच्या डोळ्यांना ओळखीचं रूपच झेपतं.

पवनीचं उदाहरण या सगळ्याच्या मधे येतं, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथे उत्खनन केलं, जगन्नाथ टेकडीखाली मौर्य-सातवाहन काळापर्यंत मागे जाणारा स्तूप निघाला. त्या काळच्या शिल्पांत, भारहूत-सांचीच्या कठड्यांवर, बुद्ध माणसाच्या रूपात कोरलेले नाहीत. झाड आहे, रिकामं आसन आहे, चक्र आहे, आणि भोवती हात जोडलेली गर्दी. त्या गर्दीत पुष्कळदा मागची माणसं लहान केलेली नाहीत, पुढच्यांच्या वर मांडली आहेत, जवळपास तेवढीच मोठी. दूरचा भक्त लहान, हा नियम त्या कारागिरानं मानला नाही.

आता कुणी म्हणेल, मग 200 मिमीच बरी, तीही मागच्याला पुढच्याएवढा करते. हा मुद्दा खरा आहे आणि मी तो टाळत नाही. रुयाडला धम्म महोत्सवात पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसलेली असतात, तेव्हा लांबून घेतलेल्या फोटोत ती समता दिसते, सुंदर दिसते. फरक एवढाच की कारागिरानं प्रत्येक चेहरा जवळ बसून छिन्नीनं काढला आणि मग त्यांना सारखं केलं. लांबची लेन्स कुणाच्याही जवळ न जाता सगळ्यांना सारखं करते. मी दुसरा उपाय करतो. 24 नं एकाजवळ जातो, तो मोठा येतो आणि मागचे लहान येतात. मग त्या मागच्याजवळ जातो. एका फोटोत न्याय होत नाही, म्हणून पायांनी तो करावा लागतो. संध्याकाळी पाय भरून येतात ते यामुळे.

बैलाचं काय, हा प्रश्न उरतोच. तो 'नको' म्हणू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 7 मे 2014 ला बैलांच्या शर्यती थांबवल्या, 16 डिसेंबर 2021 ला अटींसह परत परवानगी मिळाली, आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. पोळ्याला ज्याच्या पाया पडतो त्याला हिवाळ्यात पळवतो, यातला ताण आमच्या घरात मी लहानपणापासून पाहिला आहे. आजोबांच्या दावणीला पटाचे बैल होते आणि ते बैलाआधी जेवत नसत. कायद्यानं शर्यत वैध ठरली, तरी माझा प्रश्न सुटत नाही. म्हणून मी माझ्यापुरता नेम केला आहे. जोडी पळत असताना वाइड घेऊन वाटेजवळ जायचं नाही. समोर माणूस आला की बैल बुजतो, धुरकऱ्याचा जीव जाऊ शकतो. ते काम लांबच्या लेन्सचं, तिथे लांब राहणं हाच धर्म. शर्यत संपून जू उतरलं, मालकानं पाठीवर हात ठेवला, बैलाच्या नाकपुड्या शांत झाल्या, की मालकाला विचारून बाजूनं जायचं. अगदी तोंडासमोर वाइड धरली तर मुस्कट डोक्याच्या दुप्पट येतं आणि एवढं देखणं जनावर थट्टेचं होतं.  त्याला थोडं तिरपं आणि खांद्याच्या उंचीवरून घ्यावं.

तेव्हा जी पोरं विचारतात त्यांना माझं सांगणं असं. फुल फ्रेम असेल तर 24, लहान सेन्सरचा एपीएस-सी कॅमेरा असेल तर 16, म्हणजे तीच नजर. झूम नसली तरी चालेल, वापरलेली असली तरी चालेल. नाटकाच्या रात्रीसाठी एफ 2.8 किंवा त्याहून उघडी मिळाली तर घ्या. दिवसा एफ 8 वर ठेवून फोकस अडीच मीटरला लावला, तर सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. मग डोळा कॅमेऱ्यातून काढून समोरच्याकडे पाहायला मोकळे होता. मंडईला निघाल तेव्हा खिशात वही ठेवा. ज्याचा फोटो काढाल त्याचं नाव आणि गाव विचारून लिहून घ्या, आणि 4 बाय 6 इंचाची प्रत काढून पुढच्या मंडईआधी त्याच्या घरी पोचवा.