बाहेरून लावलेला लेप

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ६ आणि ७



आजच्या पहिल्या श्लोकात एक कडक शब्द येतो : मिथ्याचार. हात, पाय, जीभ आवरून बसलेला, पण मनात मात्र त्याच विषयांचं चिंतन चाललेला माणूस. त्याच्यासाठी भगवंतांनी हा शब्द वापरलाय. लगेच सातव्या श्लोकात दुसरा माणूस येतो. तो आधी मनाने इंद्रियांना आवरतो आणि मग हातपायांनी आपलं काम करत राहतो. याला भगवंत श्रेष्ठ म्हणतात. गंमत बघा, आवरलेले दोघंही आहेत. आवर कुठून घातलाय, बाहेरून की आतून, एवढाच फरक.

या फरकावर विचार करताना मला सारखं एक इंजिन आठवतंय. हसू नका, सांगतो.

माझा मावसभाऊ मेलबर्नला असतो. त्याच्याकडे रोटरी इंजिनाची एक जुनी गाडी आहे, जिवापाड जपलेली. गेल्या वर्षी इंजिनाच्या एका सांध्यातून ऑइल झिरपायला लागलं. त्याने ब्रेक क्लीनरने सांधा स्वच्छ केला, घासून कोरडा केला आणि आपल्या एम-सीलसारखं दोन भाग मळून लावायचं इपॉक्सी बाहेरून दाबून बसवलं. गळती थांबली. आता त्याला गाडी विकायचीय. मला विचारत होता, "घेणाऱ्याने विचारलं तर सांगेनच रे. पण नाही विचारलं तर आपण होऊन कशाला सांगायचं? गळत तर नाहीये ना?"

प्रश्न साधा वाटतो. पण उत्तर देण्याआधी ते इंजिन समजून घेऊ.

रोटरीत वरखाली होणारे पिस्टन नसतात. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर एका लांबट पोकळीत गरागरा फिरतो. दोन रोटरचं इंजिन म्हणजे सँडविचच : ओतीव लोखंडाच्या तीन प्लेटा, त्यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची दोन हाउसिंग, आणि हे सगळं आरपार जाणाऱ्या लांब बोल्टांनी आवळलेलं. थरांमधून पाणी बाहेर येऊ नये म्हणून रिंगा. थर नेमके जागेवर बसावेत म्हणून डॉवेल पिना. त्यातल्या एका पिनेच्या वाटेने प्रेशरखालचं ऑइल जातं, म्हणून तिथेही छोट्या रबरी ओ-रिंगा. लोखंड आणि ॲल्युमिनियम तापल्यावर सारखे फुगत नाहीत. तापणं आणि निवणं हजारो वेळा झालं की रबर कडक होतं, आणि ऑइल वाट शोधतं.

ती रिंग स्वस्तात मिळते. पण बदलायची तर अख्खं इंजिन खाली उतरवून थर न थर सुटा करावा लागतो. म्हणून लोक बाहेरूनच काहीतरी करतात. ऑइल असेल तर इपॉक्सी, सिलिकॉन. पाण्याची रिंग गेली असेल तर रेडिएटरमध्ये सोडियम सिलिकेटचं औषध ओततात. ते उष्णतेने घट्ट होऊन फट बुजवतं, पण रेडिएटरच्या बारीक वाटाही बुजवू शकतं. काही जण तर रेडिएटरचं झाकण सैल ठेवतात, म्हणजे प्रेशरच तयार होत नाही आणि पाणी फटीतून कमी जातं. पण प्रेशर नसलं की पाणी लवकर उकळतं. इंजिन जास्त तापतं, आणि उरलेल्या रिंगाही जातात.

आता खरी गोष्ट ऐका. ओ-रिंग आत, आपल्या खाचेत बसलेली असते. ऑइलचा दाब तिच्यावर आला की तो तिला फटीवर अजून घट्ट दाबून बसवतो. जितका दाब, तितकी पकड. बाहेरच्या लेपाचं बरोबर उलटं होतं. तोच दाब त्याला पाठीमागून ढकलत असतो, सोलून काढत असतो. जितका दाब, तितका लेप सुटायच्या जवळ.

सहावा आणि सातवा श्लोक मला इथे दिसले. मोह हा दाबच आहे. मनातून घातलेला आवर त्या दाबाने पक्का होत जातो, कारण प्रत्येक वेळी मन पुन्हा "का?" याचं उत्तर देतं. लोक काय म्हणतील म्हणून बाहेरून घातलेला आवर दिवसेंदिवस सुटत जातो. आणि तो सुटतो नेमका दाब सगळ्यात जास्त असताना.

या इंजिनाचा इतिहासही हेच सांगतो. जर्मनीत एनएसयू कंपनीने १९६७ मध्ये 'रो ८०' ही गाडी आणली. १९६८ ची युरोपातली 'कार ऑफ द इयर' ठरली. बाहेरून देखणी, काळाच्या पुढची. पण रोटरच्या टोकांवरची सीलं लवकर झिजायची. वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनी खचली आणि १९६९ मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. तिकडे जपानमध्ये हिरोशिमाला माझदाच्या केनिची यामामोतो यांच्या हाताखालच्या ४७ इंजिनियरांपुढे तीच अडचण होती. चाचणीनंतर इंजिन खोललं की आतल्या भिंतीवर ओरखडे दिसत. त्यांनी त्याला नाव दिलं, सैतानाची नखं. बाहेरून बघून ते कधीच दिसले नसते. शेवटी कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणाची सीलं बनवून त्यांनी मार्ग काढला, आणि १९६७ मध्येच 'कॉस्मो स्पोर्ट' बाजारात आली.

मग बाहेरून लेप लावणं पाप आहे का? मला तसं नाही वाटत. इंजिन उतरवायचा खर्च सगळ्यांना लगेच झेपत नाही. रस्त्यात अडकलेल्या माणसाला घरी पोचायचं असतं. रागाच्या भरात तोंड घट्ट मिटून घेणं हाही लेपच आहे, पण त्या क्षणी त्याने एखादं नातं वाचतं. लेप वेळ मिळवून देतो. तो वेळ आत बघायला वापरला तर लेप हे साधन आहे. "झालं, आता गळत नाही" म्हणून विसरून गेलो तर तोच लेप मिथ्याचार होतो. दोन्ही वेळा इपॉक्सी तेच असतं, त्याला आपण काय नाव देतो ते बदलतं.

म्हणून दादाला मी सांगितलं, "तू लेप लावलास त्यात काही वाईट नाही. पण तुला माहीत आहे की ती दुरुस्ती नाही. घेणाऱ्याला माहीत नाही. उद्या हायवेवर लेप सुटला आणि ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं, तर धूर निघेल, आगही लागू शकेल. तेव्हा गाडीत तू नसशील. त्याने विचारलं नाही, कारण काय विचारायचं हेच त्याला ठाऊक नव्हतं." त्याच्या न विचारण्यामागे लपणं म्हणजे आपल्या गळतीचा धोका त्याच्या नावावर करून देणं.

दादा म्हणाला, "सांगितलं तर किंमत पडेल." पडेलच. आणि ते पैसे थोडे नाहीत, हे मलाही कळतं. पण ती किंमत गाडीची तशीही नव्हतीच. ती लेपाची होती. त्याने अजून गाडी विकायला काढलेली नाही, विचार करतोय. मला तेवढंही चांगलं लक्षण वाटतं.

आता आपल्याकडे वळू. रोज सकाळी जप होतो, स्टेटसला सुविचार जातो, आणि ऑफिसच्या कॉलवर दुसऱ्याचं श्रेय आपण गुपचूप खिशात टाकतो. जप सोडायचा का? मुळीच नाही. फक्त जपाला "मी सुधारलो" असं सर्टिफिकेट समजायचं नाही. तो आतल्या खाचेपर्यंत पोचायला हवा.

आजचा संकल्प : आपल्या आयुष्यातला एक लेप शोधा. जिथे गळत नाही असं दिसतंय, पण का गळत नाही हे फक्त आपल्याला माहीत आहे, अशी एक जागा. तो आज उचकटू नका. आधी स्वतःशी एवढंच कबूल करा की हा लेप आहे, दुरुस्ती बाकी आहे. आणि त्या लेपाच्या भरवशावर दुसरं कोणी प्रवास करत असेल, तर आज त्याला सांगा.

राम कृष्ण हरी.