अंगठ्याची शाई

दसरा झाला की आमच्या वाडीत ऊसतोड मजूर नेणाऱ्या मुकादमाची गाडी यायची. कोपीचे बांबू, पत्र्याची पेटी, बाजरीचं पीठ, शेळी असं सगळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढायचं आणि आई-वडील बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या फडावर निघायचे. ऊसतोडीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. दोन जिवंत माणसांना एका अवजाराचं नाव. मी आजीपाशी मागे राहिले, म्हणून शिकले. आज विद्यापीठात समाजशास्त्र शिकवते आणि संशोधन करते ते ऊसतोड करणाऱ्या बायकांवरच.

पीएचडीच्या दिवसांतली गोष्ट. फडावरच्या कोपीत, ऊस तोडणाऱ्या मावशीसमोर बसून मी संशोधनाचं संमतिपत्र वाचून दाखवलं. नाव गुप्त राहील, कधीही नकार देता येईल, मोबदला मिळणार नाही. मावशीने अंगठा शाईला लावला, कागदावर टेकवला, उरलेली शाई केसांना पुसली आणि विचारलं, "आन् पैशे कव्हा भेटतील?"

मी तिला पुन्हा समजावून सांगितलं. तिने मान हलवली, पण तिला पटलेलं दिसलं नाही. बरोबरच होतं. तिचा अंगठा आजवर उठला होता तो उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेताना. अंगठा दिला की पाच-सहा महिने आपण मुकादमाचे. आजारी पडलं, पाळी आली, पोर तापलं, तरी एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचा दंड. विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीला जो कागद स्वातंत्र्याचा पुरावा वाटत होता, तोच कागद तिच्या अनुभवात बांधून घेण्याचा होता. 'कधीही नकार देता येईल' हे वाक्य मी तिच्या बोलीत सांगितलं, तरी तिच्या जगण्यात त्याला जागा नव्हती.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली. सरकारने समिती नेमली. ८० हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची 'पिशवी काढलेली' निघाली. हे उजेडात येणं गरजेचंच होतं. फडावर संडास नाही, पुरेसं पाणी नाही, त्यातून होणारे आजार, खासगी दवाखान्यात दाखवली जाणारी कॅन्सरची भीती आणि खाड्याचा धाक ही साखळी त्याशिवाय दिसली नसती. पण त्याच वेळी 'गर्भाशय नसलेल्या बायकांचं गाव' असे मथळे आले. बाईचं नाव झाकलं आणि गावाचं छापलं, तर झाकलं काय? दोनशे उंबऱ्यांच्या वाडीत प्रत्येक घर ओळखू येतं.

बाहेरून येणाऱ्यांवर बोट ठेवणं मला सोपं आहे. पण आतून आलेल्या माझ्यासारख्यांना वेगळाच जाच होतो. एका चर्चासत्रात माझा निबंध ऐकून एका ज्येष्ठ अभ्यासकांनी कौतुकाने सांगितलं, "तुमच्याकडे अनुभव आहे, तो आणत राहा. मांडणीचं आम्ही बघू." त्यांच्या लेखी मी ज्ञानाच्या फडातली तोडणारीच होते. मोळी मी वाहायची, साखर दुसऱ्याने काढायची. गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त नेमक्या याच वाटणीवर बोट ठेवलं होतं: सिद्धान्त मांडणारे वरचे आणि तपशील पुरवणारे खालचे, अशी जातीची उतरंड सामाजिक शास्त्रांतही आहे. त्याच्या कितीतरी आधी, १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मांग-महारांची दुःखं सांगून ती थांबली नव्हती. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आम्हाला धर्मच नाही, असा तर्क तिने उभा केला. तो सिद्धान्तच होता. आमच्याकडून नुसता अनुभव मागणाऱ्यांनी तिचा निबंध एकदा नीट वाचावा.

आपल्यातली म्हणून मला जास्त कळतं, हा माझा अभिमान मात्र मावशीनेच उतरवला. प्रबंधाचं प्रकरण लिहून झाल्यावर मी ते तिला वाचून दाखवायला गेले. पिशवी काढण्यासाठी पैसे कुठून आणले, कुणी आणून दिले, ते ती एका रात्री चुलीपुढे बोलली होती. रेकॉर्डर बंद होता, पण मी सगळं मनात टिपून घेतलं होतं. ती दोन पानं ऐकताना तिचा भाकरी थापणारा हात थांबला. "ह्ये म्या भाचीला सांगितलं व्हतं, बाई. कागदाला न्हाई."

बाहेरच्या संशोधकाला ती हे बोललीच नसती. नात्याने उघडलेल्या दारातून मी वही घेऊन आत गेले होते. आपलेपणाने मिळालेली माहिती जास्त खरी असते, म्हणूनच ती उचलताना जास्त विचारावं लागतं. दक्षिण आफ्रिकेतल्या सान समाजाने २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता तयार केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि काळजी ही तिची सूत्रं. मला तिचा हेवा वाटतो, कारण त्या समाजाकडे स्वतःच्या नावाने बोलणाऱ्या संस्था आहेत. ऊसतोड टोळीच्या वतीने कोण बोलतं? मुकादम. त्याची परवानगी घेऊन फडावर गेलं की बायकांनी नाही म्हणायची सोय आधीच संपलेली असते. म्हणून आता मी हंगामात मुलाखती घेतच नाही. पाडव्यानंतर, बायका आपापल्या घरी परतल्या की जाते, आणि लिहिलेलं वाचून दाखवल्याशिवाय छापत नाही. काम रेंगाळतं. बढतीच्या अर्जात निबंध कमी भरतात. ते मी सोसते.

ती दोन पानं मी प्रबंधातून काढली. ऑपरेशनचे पैसे मुकादमाने उचलीत कसे धरले, म्हणजे दुखणंच पुढच्या हंगामाचं कर्ज कसं झालं, याचा सगळ्यात स्पष्ट हिशोब त्यांतच होता. माझ्या गप्प बसण्याचा फायदा मुकादमालाही होतो, हे मला कळतं. मी तसं मावशीला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "उचल फिटू दे. मंग माझ्या नावानिशी लिही."

गेल्या पाडव्याला मी विचारलं. फिटली नव्हती.